थंडीत जुना डिझेल ट्रॅक्टर चालू होत नाही? सोलापूरकडच्या शेतकऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी सरते, कारखान्यांचं गाळप सुरू होतं आणि पहाटेच्या वेळी वस्त्यावस्त्यांवर सेल्फचा रडका आवाज ऐकू यायला लागतो. माळशिरस-पंढरपूरच्या ऊसपट्ट्यात भरलेली ट्रॉली उभी असते. सांगोल्यात डाळिंबावरची फवारणी वारं सुटायच्या आत उरकायची असते. नेमका तेव्हाच वीस-तीस वर्षांचा ट्रॅक्टर अडून बसतो. असे ट्रॅक्टर आपल्या जिल्ह्यात अजून भरपूर आहेत आणि नीट ठेवले तर ते आणखी बरीच वर्षं काम करतील. खालची उत्तरं महिंद्रा बी-२७५, मॅसी १०३५, जुना स्वराज ७३५, एचएमटी २५११, फोर्ड ३६००, आयशर २४१ अशा साध्या यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरांसाठी आहेत. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या इंजिनांना यातलं बरंच लागू पडत नाही.

सोलापुरात अशी किती थंडी पडते, की ट्रॅक्टरने अडून बसावं?

फार नाही, आणि हेच आधी लक्षात घ्यायला हवं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा साधारण १२ ते १५ अंशांवर येतो, थंडीची लाट आली तर १० च्या जवळ किंवा खाली. भीमेच्या काठाला आणि उजनीच्या फुगवट्याच्या गावांत गारठा जरा जास्त जाणवतो. पण याच बनावटीचे ट्रॅक्टर पंजाब-हरियाणात २-३ अंशांत रोज सकाळी चालू होतात. म्हणजे १२ अंशांत तुमचा ट्रॅक्टर चालू होत नसेल, तर दोष थंडीचा नाही. ट्रॅक्टरमध्ये आधीपासून असलेली कमजोरी उन्हाळ्यात झाकून राहते, थंडीत उघडी पडते.

डिझेल इंजिनाला ठिणगी देणारा प्लग नसतो. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलची फवार सोडली की ती आपोआप पेटते. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं, तोच प्रकार. जुन्या ट्रॅक्टरांत हवा साधारण १६ ते १८ पट दाबली जाते आणि चांगल्या इंजिनात तिचं तापमान ५०० अंशांच्या वर जातं. डिझेल पेटायला एवढी उष्णता लागत नाही, म्हणून बरीच शिल्लक हाताशी असते. पण ब्लॉक गार असला की ही उष्णता लोखंडच पिऊन टाकतं. त्यात सेल्फ मंद फिरला, तर दाबलेली हवा पिस्टनवरच्या रिंगांच्या फटीतून निसटते आणि शिल्लक संपते.

म्हणून तीन गोष्टी तपासायच्या: इंजिन पुरेशा वेगाने फिरतंय का, डिझेल नोझलपर्यंत (आत फवार सोडणाऱ्या तोटीपर्यंत) पोचतंय का, आणि आत पुरेशी उष्णता तयार होतेय का. पुढचं सगळं या तिन्हींभोवतीच फिरतं.

बिघाड नेमका कुठे आहे हे मिस्त्रीला बोलवायच्या आधी कसं ओळखायचं?

कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरकडे बघा. एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो, आणि हे करायला एक रुपया लागत नाही.

सेल्फ चांगला फिरतोय पण सायलेन्सरमधून धूरच नाही, म्हणजे डिझेल आत पोचत नाही. बॅटरी, हीटर (चालू करताना आतली हवा तापवणारा), रिंगा यांच्याकडे बघायची गरज नाही. टाकीचा कॉक, इंजिन बंद करायचा ओढ-दांडा, फिल्टर, हवा, पंप याच क्रमाने जा. त्यातही ओढ-दांडा आधी बघा. रात्री बंद करताना ओढलेली केबल गंजामुळे बाहेरच अडकून राहते आणि माणूस तासभर बॅटरी उतरवत बसतो. दांडा आत ढकलला तरी पंपाजवळची पट्टी प्रत्यक्ष जागेवर गेली का, ते डोळ्यांनी बघा.

सेल्फ फिरताना पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतोय पण इंजिन पकडत नाही, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. तो धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. इथे उष्णता कमी पडतेय: सेल्फ मंद आहे, हीटर बंद आहे, नोझल फवारा न मारता धार सोडतंय, पंपाचं टायमिंग (डिझेल सोडायची वेळ) सरकलंय किंवा कॉम्प्रेशन (हवा दाबायची ताकद) गेलंय.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर क्लीनर चोंदला असेल तर असं होतं. ज्वारीच्या मळणीनंतर क्लीनरमध्ये भुसा आणि धूळ किती साचते, ते एकदा उघडून बघाच. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

आणि सेल्फच नीट फिरत नसेल, तर धुराकडे बघून उपयोग नाही. आधी बॅटरीकडे जा.

बॅटरी दुपारी चांगली चालते, सकाळीच का उतरते?

बॅटरीतली रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावते. शून्य अंशाला चांगल्या बॅटरीची सेल्फ फिरवायची ताकद सुमारे एक-तृतीयांशाने कमी होते. आपल्याकडच्या थंडीत घट त्यापेक्षा बरीच कमी असते. पण त्याच वेळी ऑइल घट्ट झालेलं असतं, म्हणजे काम वाढलेलं आणि ताकद घटलेली. निरोगी बॅटरी एवढं सहज झेलते, अर्धी भरलेली झेलत नाही.

आपल्याकडे बॅटरीला खरा मार बसतो तो उन्हाळ्यात. एप्रिल-मेच्या ४० अंशांच्या वरच्या उन्हात पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात आणि तिथेच बॅटरीचं आयुष्य घटतं. ते कळतं मात्र डिसेंबरात.

तपासणी सोपी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त असेल तर पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. मग सेल्फ मारताना मीटर बघा. काटा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जास्त करंट खातोय. इंजिन रेसवर असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान व्होल्ट दिसले पाहिजेत. नाही दिसले तर अल्टरनेटर भरत नाही, जुन्या गाडीत डायनामो किंवा कटआऊट. तसं असेल तर नवी बॅटरी आणली तरी महिनाभरात तीच कथा.

बॅटरीच्या दुकानात हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायची नळी, असतो. बॅटरीच्या प्रत्येक घरातलं (सेलमधलं) ॲसिड मोजून घ्या. सगळ्या घरांचं माप जवळपास सारखं यायला हवं. एखादं घर बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर ती बॅटरी चार्ज करून टिकणार नाही. आणि पाणी डिस्टिल्डच घाला. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार एवढे असतात, की ते प्लेटांना मारून टाकतं.

ऊस वाहतुकीच्या पोरांना एक सांगणं आहे. कारखान्याच्या यार्डात इंजिन बंद ठेवून रात्रभर टेप आणि रंगीत लाइटा चालू ठेवल्या, तर पहाटे बॅटरीला दोष देता येणार नाही. गाणी ऐकायचीच असतील तर त्यासाठी वेगळी छोटी बॅटरी ठेवा.

नवी बॅटरी टाकली तरी सेल्फ मंदच फिरतो. मग?

मग करंट वाटेत मरतोय. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, काचपेपरने घासा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी लावून आवळायचं नाही.

बहुतेक लोक अर्थची वायर विसरतात. बॅटरीच्या निगेटिव्हची जाड पट्टी चॅसीला जिथे बोल्टने बसते, तिथे रंग आणि गंज असतो. तो बोल्ट उघडा आणि दोन्हीकडचं लोखंड चमकेपर्यंत घासा. खात्री हवी असेल तर मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब आहे. हीच परीक्षा पॉझिटिव्ह खुंटी आणि सेल्फची खुंटी यांच्यात करा. बदललेली वायर मूळच्या जाडीचीच हवी, घरच्या वायरिंगमधली उरलेली तार चालणार नाही.

एवढं करूनही सेल्फ मंद असेल तर तो उतरवून कार्बन आणि बुश बघून घ्या. बुश झिजली की आर्मेचर घासत फिरतं आणि करंट दुप्पट खातं.

सकाळी चालू करायचा बरोबर क्रम कोणता?

गेअर न्यूट्रल, पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद, हँडब्रेक लावलेला. सीटवर बसा. ओढ-दांडा आत. हँड थ्रॉटल अर्ध्याच्या थोडा पुढे घ्या, कारण जुन्या पंपांत चालू होताना जास्त डिझेल लागतं. हीटर असेल तर चावी हीटरवर धरून १५ ते २० सेकंद थांबा. क्लच पूर्ण दाबा आणि मग सेल्फ मारा.

क्लच दाबायचं का सांगतो, कारण पुष्कळ जण दाबत नाहीत. न्यूट्रलमध्ये असला तरी क्लच सोडलेला असताना इंजिन गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवत असतं आणि तो गार, घट्ट ऑइलमध्ये बुडालेला असतो. क्लच दाबला की हे ओझं सुटतं आणि सेल्फचा आवाज लगेच बदलतो.

एका वेळी १० ते १५ सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका. मध्ये किमान एक मिनिट थांबा, त्यात सेल्फ गार होतो आणि बॅटरी सावरते. तीन-चार वेळा करून झालं नाही तर थांबा आणि धूर बघा. तसंच रेटत राहिलात तर बिघाड एकाचा दोन होतो. इंजिनने पकडलं की रेस लगेच खाली आणा आणि ऑइल प्रेशरचा काटा किंवा दिवा बघा.

आमच्या ट्रॅक्टरला हीटर आहे म्हणतात, पण तो चालतो की नाही हे कसं कळेल?

जुन्या ट्रॅक्टरांत तीन प्रकार दिसतात: सिलिंडरच्या डोक्यात बसलेले हीटर प्लग, इनटेक मॅनिफोल्डमधली साधी तापणारी कॉइल, आणि थर्मोस्टार्ट. थर्मोस्टार्टमध्ये कॉइल तापली की तिच्यावर थोडं डिझेल सुटतं, ते मॅनिफोल्डमध्येच पेटतं आणि गरम हवा आत जाते.

चावी हीटरवर धरली की लाइट थोडी मंद व्हायला हवी, अमीटर असेल तर काटा वजाकडे झुकायला हवा. काहीच हललं नाही तर हीटरला करंटच जात नाही. काही जुन्या गाड्यांत हीटर प्लग एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यातला एक जळला की सगळेच बंद. थर्मोस्टार्टच्या बाबतीत बारीक डिझेल पाइप तपासा. कधीतरी तिथून गळती झालेली असते आणि कुणीतरी तो पाइप ठोकून बंद करून टाकलेला असतो. आमच्या भागात वायर तोडलेले, पाइप बंद केलेले हीटर सर्रास दिसतात, कारण वर्षातले दहा महिने त्यांची गरज पडत नाही. उरलेल्या दोन महिन्यांसाठी ते दुरुस्त करून घेणं सेल्फ आणि बॅटरी बदलण्यापेक्षा फार स्वस्त पडतं.

थंडीत टाकीतलं डिझेल गोठतं का?

सोलापुरात नाही. डिझेलमध्ये मेण असतं आणि फार गारठ्यात ते कणाकणाने वेगळं होऊन फिल्टर चोंदवतं, ही गोष्ट खरी आहे. म्हणूनच आयएस १४६० या भारतीय मानकात नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी वेगळी मर्यादा ठरवली आहे: हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून गेलंच पाहिजे. उन्हाळी डिझेलसाठी हीच मर्यादा १८ अंश आहे. त्यामुळे पंपावरून थंडीत भरलेल्या डिझेलची आपल्याकडे चिंता नाही. मात्र मे महिन्यात बॅरलमध्ये भरून ठेवलेलं डिझेल जानेवारीत वापरू नका. बॅरलच्या तळाचं पाणी आणि गाळ ही तर त्याहून मोठी अडचण.

पाणी येतं कुठून? आपल्याकडे हिवाळ्यात दुपारी ३० अंश आणि पहाटे १३-१४. एवढ्या फरकात अर्ध्या रिकाम्या टाकीतली हवा निवते आणि पत्र्याला आतून दव धरतं. ते खाली उतरून तळाशी साचतं. म्हणून टाकी संध्याकाळी भरा, सकाळी नको. फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत पाणी दिसलं तर काढून टाका. पाणी बरेच दिवस राहिलं की डिझेल आणि पाण्याच्या मधोमध बुरशीसारखा काळपट चिकटा वाढतो आणि फिल्टर वारंवार चोंदतो. मग टाकी उतरवून धुवावीच लागते.

डिझेलमध्ये थोडं रॉकेल किंवा पेट्रोल मिसळलं तर?

नको. पंप आणि नोझल यांना वंगण डिझेलचंच असतं. रॉकेलने ते कमी होतं आणि पंपाचा प्लंजर झिजतो. पेट्रोल तर डिझेल इंजिनात पेटायलाच अडून बसतं, आणि टाकीत आगीचा धोका वेगळा. आपल्या तापमानात याचा फायदा काहीच नाही.

सकाळी चालू होतो, मिनिटभर चालतो आणि बंद पडतो. नंतर कितीही सेल्फ मारला तरी नाही.

डिझेलने हवा धरली आहे. रात्री कुठल्यातरी ढिल्या जोडातून हवा शिरते आणि पाइपातलं डिझेल मागे टाकीकडे उतरतं. पंपात आणि फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर इंजिन क्षणभर चालतं, मग हवा येते आणि बंद.

हवा काढायची पद्धत अशी. कॉक उघडा. पहिल्या फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू दोन आटे सोडा आणि फीड पंपाचा हाताचा लिव्हर मारा. आधी फेस येईल. बुडबुड्यांविना स्वच्छ धार आली की लिव्हर मारत असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग पंपावरचे स्क्रू, याच क्रमाने. लिव्हर हाताला लूज लागत असेल आणि डिझेल ढकलत नसेल, तर फीड पंपाचा कॅम वर अडकला आहे. सेल्फने इंजिन जरासं फिरवा आणि पुन्हा मारा, लिव्हरला जोर येईल. शेवटी नोझलकडचे पाइपांचे नट अर्धा-पाऊण आटा सोडा, थ्रॉटल पूर्ण घ्या आणि सेल्फ मारा. धार आली की नट आवळा. या वेळी हात किंवा तोंड नटांजवळ नेऊ नका. नोझलच्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं, आणि जखम दिसायला बारीक असली तरी हात गमवायची वेळ येते. असं झालंच तर दुखत नसलं तरी त्याच तासात दवाखाना गाठा.

हवा रोज काढावी लागत असेल तर ती कुठून शिरते ते शोधा. तांब्याचे वायसर एकदा दाबले गेले की पुन्हा नीट बसत नाहीत, पाच-दहा रुपयांचा हा माल नवाच टाका. रबरी पाइप गारठ्यात ताठरतो आणि क्लिपेपाशी त्याला चिरा पडतात. जिथून हवा शिरते तिथून डिझेल गळेलच असं नाही, म्हणून फक्त ओल शोधून भागत नाही. फीड पंपाच्या आधी तात्पुरता पारदर्शक पाइप लावून बघा, बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

थंडीत कोणतं ऑइल घालावं?

१५डब्ल्यू-४०. यातला डब्ल्यू थंडीसाठी असतो: आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यात पातळ राहतं. नंतरचे ४० हे आपल्या उन्हाळ्याला पुरतं, म्हणून वर्षभर हेच चालतं. जुन्या इंजिनाने ऑइल खायला नको म्हणून काही जण सरळ एसएई ४० किंवा त्याहून जाड ऑइल भरतात. उन्हाळ्यात ते खपून जातं, थंडीत सेल्फला मारतं. आणि वेळेवर न बदललेलं ऑइल काजळीने घट्ट होत जातं. सुगीच्या घाईत बदलायचं राहिलं असेल, तर थंडीच्या आधी बदला.

मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकलाय. त्याचा थंडीशी काही संबंध आहे का?

आहे, आणि चांगलाच आहे. आपल्याकडे मे महिन्यात इंजिन तापायला लागलं की पहिला घाव थर्मोस्टॅटवर बसतो. काढून टाकला की काटा खाली येतो आणि सगळ्यांना बरं वाटतं. पण खरा दोष बहुतेक वेळा क्षारांनी चोंदलेल्या रेडिएटरचा किंवा ढिल्या बेल्टचा असतो, आणि तो तसाच राहतो.

थर्मोस्टॅटचं काम इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देण्याचं. तो नसला की हिवाळ्यात गार पाणी पहिल्या मिनिटापासून ब्लॉकमधून फिरत राहतं. इंजिन अर्धा-अर्धा तास तापत नाही, पांढरा धूर थांबत नाही, डिझेल जास्त लागतं आणि न जळलेलं डिझेल लायनरवरचं (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीवरचं) ऑइल धुऊन नेतं. म्हणजे थर्मोस्टॅट काढल्याने पहिल्या सेल्फला फरक पडत नाही, पण दोन-तीन हंगामांत रिंगा झिजतात आणि मग ट्रॅक्टर खरोखरच थंडीत चालू होईनासा होतो. कंपनीने दिलेल्या मापाचा थर्मोस्टॅट परत बसवा, रेडिएटर साफ करून घ्या आणि बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट भरा. आपल्याकडे पाणी गोठत नाही हे खरं, पण कूलंट गंज आणि क्षार रोखतो.

आयशर २४१ सारख्या हवेवर गार होणाऱ्या इंजिनाला हे काही लागू नाही. तिथे फिनांमधली माती काढणं एवढंच.

रेडिएटरमध्ये गरम पाणी ओतलं तर चालेल का?

हाताला सोसेल इतकं कोमट पाणी चालेल आणि त्याने फायदाही होतो. उकळतं नको, गार लोखंडाला तडा जाऊ शकतो. पण कूलंट भरलेलं असेल तर ते रोज काढून पाणी ओतण्यात अर्थ नाही.

आमचे आबा एअर क्लीनरपुढे बोळा पेटवून चालू करायचे. हल्ली स्प्रे मिळतो. काय वाईट आहे त्यात?

आबांच्या काळात हीटर दुरुस्त करणारा माणूस जवळ नसायचा आणि पर्यायही नसायचा. आज आहे. पेटता बोळा ऑइलच्या एअर क्लीनरपुढे धरला की ज्वाळा आत ओढल्या जातात आणि क्लीनरमधलं ऑइल पेटू शकतं. आजूबाजूला पाचट, कडबा, डिझेलने माखलेलं इंजिन. गोठ्यालगत उभ्या ट्रॅक्टरपाशी हे करणं म्हणजे दावणीची जनावरं धोक्यात घालणं. ऑइल चेंबरखाली शेकोटी करणं हाही तसलाच प्रकार.

स्प्रेमध्ये ईथर असतं. ते १६०-१८० अंशांतच पेटतं, म्हणजे पिस्टन वर येत असतानाच, वेळेच्या आधी. पिस्टनला उलटा दणका बसतो. रिंगा तुटतात, पिस्टनच्या खाचा फुटतात, कधी हेड गॅस्केट जातं. आणि ज्या गाडीला हीटर प्लग किंवा थर्मोस्टार्ट चालू आहे, तिच्यात ईथर मारलं तर मॅनिफोल्डमध्येच स्फोट होतो. रोज स्प्रेवर चालू होणारं इंजिन काही दिवसांनी स्प्रेशिवाय चालू होत नाही असं लोक म्हणतात. कारण सरळ आहे: प्रत्येक दणक्याने कॉम्प्रेशन आणखी घटत जातं.

चावी बिघडली आहे. खाली उभं राहून सेल्फवर पाना टेकवून चालू केला तर?

हे कधीच करू नका. या पूर्ण लिखाणातलं एकच वाक्य पाळायचं असेल तर हे पाळा.

सेल्फच्या खुंट्यांना पाना लावला की चावी आणि न्यूट्रलचं स्विच दोन्ही वगळले जातात. ट्रॅक्टर गेअरमध्ये असेल तर इंजिन पकडताच तो चालू लागतो, आणि तुम्ही मागच्या चाकाच्या पुढेच उभे असता. बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. "गेअर न्यूट्रलच होता" असं वाटणारी माणसं चिरडली गेली आहेत. पोरंबाळं बघून हेच शिकतात. स्विच आणि वायरिंगचा खर्च किरकोळ आहे, तो आजच करा.

दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करावा का?

अडचणीत, सावकाश, सपाट जागी. साखळी किंवा मजबूत दोर पुढच्या ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच बांधा. टॉपलिंकला किंवा ॲक्सलच्या वर बांधलं तर पुढचं तोंड उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो. ओढला जाणारा वरच्या गेअरमध्ये ठेवा, क्लच दाबलेला, वेग आला की हळू सोडा. पकडताच क्लच दाबा, नाहीतर पुढच्यावर जाऊन आदळाल. दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये. उतारावर सोडून चालू करायची सवय असेल तर चाकाला उटी लावायचीही सवय ठेवा.

दुसऱ्याच्या बॅटरीवरून जोड देणं त्यापेक्षा बरं. पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हची शेवटची चिमटी उतरलेल्या बॅटरीऐवजी इंजिनच्या लोखंडावर, म्हणजे बॅटरीजवळ ठिणगी पडत नाही. दोन्ही १२ व्होल्टच्या हव्यात. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असू शकतात, आधी बघून घ्या.

सकाळी त्रास नको म्हणून कारखान्यावर रात्रभर इंजिन चालूच ठेवलं तर?

तासाला लिटरभराच्या आसपास डिझेल जातं, ते एक. शिवाय मंद रेसवर इंजिन पुरेसं तापत नाही आणि अर्धवट जळलेलं डिझेल रिंगांवर, सायलेन्सरमध्ये चिकटत जातं. आणि ड्रायव्हर ताडपत्री ओढून ट्रॅक्टरजवळच झोपला असेल किंवा ट्रॅक्टर बंद शेडमध्ये असेल, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. त्याला वास नसतो. रांगेत तास-दोन तास थांबायचं असेल तर बंद करा. इंजिन गरम असताना परत चालू होतंच.

चालू झाल्यावर किती वेळ गरम करायचा?

हजार-बाराशेच्या रेसवर तीन ते पाच मिनिटं. मग हलक्या कामाला लावा, पूर्ण लोडवर लगेच नको. हायड्रॉलिकही आधी दोन-तीन वेळा रिकामं उचलून-खाली करून घ्या.

सगळं तपासलं, सेल्फ जोरात फिरतो, डिझेल पोचतं, तरी पांढरा धूरच. इंजिन कामाला आलं का?

लगेच तसं म्हणू नका. आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची फट, तपासून घ्या. टॅपेट टाइट झाले की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं, आणि हे तासाभराचं काम आहे. नंतर नोझल टेस्टिंगला द्या. धुक्यासारखा फवारा यायला हवा. धार किंवा थेंब येत असतील तर नोझल बदला. पंपाचं टायमिंग कुणी अलीकडे हात लावून सरकवलं असेल तर तेही बघा.

मग इंजिन कसंतरी चालू करून, गरम करून, ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून भपकारे मारत धूर येत असेल, ऑइल खात असेल आणि गरम झाल्यावर मात्र एका सेल्फला चालू होत असेल, तर रिंगा-लायनर झिजलेत. वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेशन गेज लावून घ्या. सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. एकच खाली असेल तर कधी व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटवर भागतं. गेज न लावता थेट इंजिन खोलायचा सल्ला देणाऱ्याचं लगेच ऐकू नका. आणि कॉम्प्रेशन वाढावं म्हणून इनटेकमधून ऑइल ओतू नका. ऑइल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

ज्वारीची पेरणी झाली, आता महिना-दीड महिना ट्रॅक्टर उभाच राहणार आहे. काय करून ठेवू?

टाकी भरून ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि बॅटरी लाकडी फळीवर, घरात ठेवली तर उत्तमच. मधे एकदा चार्ज करा. सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घाला, एअर क्लीनरचं तोंड जाळीने झाका, उंदीर तिथे घर करतात आणि वायरीही कुरतडतात. ट्रॅक्टर वाऱ्याच्या आडोशाला, तोंड पूर्वेकडे करून लावा, म्हणजे सकाळचं ऊन बोनेटवर पडेल. क्लच प्लेट चिकटू नये म्हणून पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवून ठेवा.

आठवड्याला दोन मिनिटं चालू करून बंद करायची सवय मात्र सोडा. तेवढ्यात इंजिन तापत नाही, बॅटरीतून गेलेलं भरून निघत नाही आणि चेंबरमध्ये ओल धरते. चालू करायचाच असेल तर अर्धा तास तरी कामाला लावा. जवळच्या विहिरीवर पाण्याची टाकी भरून आणली तरी चालेल.